ध्यान करू, डोळेझाक नको!

येत्या २१ डिसेंबरला जागतिक ध्यान दिवस आहे. कॉलेजांच्या नोटीस बोर्डवर ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या सूचना लागायला सुरुवात झालीये. ध्यानाने खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल, तर नेमका कुठपर्यंत?

डिसेंबर म्हणजे कॉलेजमध्ये दोन गोष्टींचा सीझन. एकीकडे डेज आणि फेस्टिव्हल्स, दुसरीकडे सबमिशन, व्हायवा आणि कुणाकुणाच्या राहिलेल्या केटी. या गर्दीत आता आणखी एका दिवसाची भर पडलीये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ साली २१ डिसेंबर हा ‘जागतिक ध्यान दिवस’ म्हणून जाहीर केला. हा ठराव मांडणाऱ्या देशांमध्ये भारतही होता. तारीख लक्षात राहण्यासारखी आहे. २१ जूनला योग दिवस आणि त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी ध्यान दिवस.

२१ तारीख रविवारी आली, तर बऱ्याच ठिकाणी कार्यक्रम आदल्या दिवशीच उरकला जातो. त्याचा साचा आपल्याला पाठ आहे. सेमिनार हॉल, मागे बॅनर, एनएसएसच्या व्हॉलंटिअर्सची धावपळ, पाहुण्यांना रोप आणि शाल, मग वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. शेवटी जिओ-टॅग फोटो, कारण तो ‘नॅक’च्या फाइलला लागतो. झालं, कॉलेजने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीतरी केलं!

याच विषयावर आणखी एक कागद आलाय. त्याचा बॅनर मात्र फारसा कुठे दिसला नाही. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण कोर्टासमोर होतं. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने सांगितलं, की जिथे शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमलाच पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाइनचे नंबर होस्टेलमध्ये, वर्गांत आणि वेबसाइटवर ठळक लावायचे. यावर कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत.

हे सगळं सांगण्याची वेळ का आली, ते आकडे बघितले की कळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या वर्षी सगळ्यात जास्त नोंदी महाराष्ट्रात झाल्या. परीक्षेतलं अपयश हे कारण २,२४८ मृत्यूंच्या पुढे लिहिलं गेलं. म्हणजे उरलेल्या दहा हजारांहून जास्त जणांच्या बाबतीत कारणं वेगळी होती. घर, पैसे, नाती, आजार, एकटेपणा, असं बरंच काही.

त्यामुळे प्रश्न असा आहे, की वीस मिनिटांचं ध्यान हा या सगळ्यावरचा उपाय आहे, की उपायाच्या जागी बसवलेला कार्यक्रम?

आधी ध्यानाला न्याय देऊ

आपल्या पिढीत ध्यानाबद्दल दोन टोकं आहेत. एका टोकाला ‘ध्यान केलं की सगळं बरं होतं’ म्हणणारे रील्स, दुसऱ्या टोकाला ‘हे सगळं रिकामटेकड्यांचं काम आहे’ म्हणणारे मित्र. दोन्ही बाजूंना पुरावे वाचायचा कंटाळा दिसतो.

व्हायवाच्या रांगेत उभं असताना शरीरात काय होतं ते आठवा. छातीत धडधड, तळहाताला घाम, श्वास उथळ. मेंदूने धोक्याची घंटा वाजवलेली असते आणि शरीर पळायच्या तयारीत असतं. समोर वाघ नसून एक्स्टर्नल आहेत, हे शरीराला समजत नाही. अशा वेळी श्वास मुद्दाम संथ केला, विशेषतः उच्छ्वास लांबवला, तर शरीराला शांत करणारी चेतासंस्था काम करू लागते आणि हृदयाचे ठोके कमी होतात. हा झाला पहिला, लगेच जाणवणारा फायदा.

दुसरा फायदा हळूहळू मिळतो. ध्यानाच्या बहुतेक पद्धतींमध्ये लक्ष ठेवायला काहीतरी एक दिलेलं असतं. आनापानात नैसर्गिक श्वास, योगनिद्रेत शरीराचा एकेक भाग, मैत्रीभावनेत स्वतःसाठी आणि इतरांसाठी सदिच्छा, मंत्रध्यानात एखादा शब्द. मन तिथून सटकतंच. ते सटकलंय हे कळणं आणि चिडचिड न करता परत आणणं, हाच सगळा व्यायाम. ‘मी नापास होणार’ हा विचार आला, की आपण एरवी त्याच्या मागे फरफटत जातो. सरावाने तो विचार ‘एक विचार’ म्हणून दिसायला लागतो. विचार जात नाही, त्याची पकड सैल होते.

योग-ध्यान प्रयोगशाळेत तपासून बघण्याची परंपरा आपल्याकडचीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ सुरू केलं ते याच उद्देशाने. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांचा ‘माइंडफुलनेस’ कोर्स आखला. आज ध्यानावर जे संशोधन होतं, त्यातला मोठा भाग या कोर्सभोवती फिरतो.

त्यातून काय निघालं? २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि त्यातल्या साडेतीन हजारांवर लोकांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांत ध्यानामुळे माफक, पण खराखुरा फरक दिसला. झोप आणि एकाग्रतेबद्दल ठोस काही म्हणता येईल इतका पुरावा मिळाला नाही. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस आहे, असंही दिसलं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतच चिंतेचे आजार असलेल्या २७६ प्रौढांवर चाचणी झाली. अर्ध्यांना नेहमीचं औषध, अर्ध्यांना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स. कोर्सवाले औषधवाल्यांच्या मागे पडले नाहीत. पण या कोर्समध्ये दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव. सेमिनार हॉलमधल्या वीस मिनिटांशी याची तुलनाच होऊ शकत नाही. आणि हे वाचून कुणी चालू औषधं बंद करू नयेत, तो निर्णय डॉक्टरांचा.

कुणाला उपयोग झाला, कुणाला नाही

आपल्यासाठी सगळ्यात कामाचे अभ्यास दोन आहेत, कारण दोन्ही विद्यार्थ्यांवरचे आहेत आणि दोन्ही ब्रिटनमधलेच आहेत. गंमत म्हणजे त्यांची उत्तरं उलटी आहेत.

पहिला केंब्रिज विद्यापीठातला. ६१६ विद्यार्थ्यांनी आपणहून नाव दिलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी झाली. निम्म्यांना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स मिळाला, उरलेल्यांना नेहमीचीच मदत. मग परीक्षेच्या काळात सगळ्यांचा ताण मोजला. कोर्स न केलेल्यांपैकी ५७ टक्के विद्यार्थ्यांचा ताण काळजी करण्याइतका वाढला होता. कोर्स केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. फरक लहान नाही.

दुसरा अभ्यास शाळांमधला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. ८४ शाळा आणि आठ हजारांवर मुलं. इथे माइंडफुलनेस वर्गातच, सगळ्यांना, तासिकेसारखं शिकवलं गेलं. नेहमीच्या पद्धतीने भावनिक कौशल्यं शिकवणाऱ्या शाळांच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात काही फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

असं का? एक तर वयाचा फरक आहे. शाळेतली मुलं अकरा ते चौदा वर्षांची होती. पण दुसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ध्यान निवडलं होतं, शाळेतल्या मुलांना ते टाइमटेबलमध्ये आलं. आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रातल्या शाळेत ‘मित्र उपक्रमा’त आनापानाला बसलेले आहेत. दहा मिनिटं श्वासावर लक्ष द्यायचं आणि एका डोळ्याने बाई बघतायत का ते तपासायचं, हेही अनेकांनी केलंय. काहींना तिथेच गोडी लागली, बऱ्याच जणांसाठी तो प्रार्थनेनंतरचा आणखी एक नियम राहिला. त्यामुळे कॉलेजमध्ये ध्यानाला अटेंडन्स लावली, की काय होणार हे सांगायला संशोधन लागत नाही.

केंब्रिजच्या अभ्यासातली आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. ‘नेहमीची मदत’ दोन्ही गटांना मिळत होती. त्यात विद्यापीठाचं समुपदेशन केंद्रही आलं. म्हणजे ती स्पर्धा ‘ध्यान की काउन्सेलर’ अशी नव्हतीच. ‘काउन्सेलर’ विरुद्ध ‘काउन्सेलर आणि ध्यान’ अशी होती. आपल्याकडे मात्र पहिली गोष्ट नसतानाच दुसरी आणायची घाई दिसते.

इगतपुरी काय शिकवते

ध्यान गांभीर्याने शिकवायचं म्हणजे काय, हे बघायला केंब्रिजला जायची गरज नाही. कसारा घाट चढला की इगतपुरी लागतं. सत्यनारायण गोयंका म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचं ‘धम्मगिरी’ उभं राहिलं. आज जगभरातून लोक तिथे येतात. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, रात्री नऊपर्यंत दिनक्रम, आर्य मौन आणि फोन पहिल्याच दिवशी जमा. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं.

तिथल्या दोन गोष्टी कॉलेजांनी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे वेळ. पहिले तीन दिवस तर फक्त श्वासाकडे बघण्यात जातात. दुसरी म्हणजे गाळणी. अर्जातच मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारलं जातं आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराचा सल्ला दिला जात नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण ध्यान प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवतंच असं नाही. ८३ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०२० च्या एका शोधनिबंधात साधारण आठ टक्के लोकांना त्रासदायक अनुभव आल्याची नोंद आहे. त्यात सगळ्यात जास्त चिंता आणि उदासी. एखाद्याच्या मनात जुनी जखम असेल, तर डोळे मिटून शांत बसल्यावर नेमकी तीच वर येऊ शकते. अशा वेळी शेजारी जाणकार माणूस लागतो. दोनशे जणांच्या हॉलमध्ये, माइकवरच्या सूचनांवर, तो कुठून मिळणार?

खिशातली शांतता

मग फोन आहेच की! ‘हेडस्पेस’ २०१० मध्ये आलं, ‘काम’ २०१२ मध्ये. दुसऱ्या कंपनीची किंमत २०२० च्या अखेरीस दोन अब्ज डॉलर लावली गेली. शांतता हा मोठा धंदा आहे, हे कुणापासून लपलेलं नाही. ॲप वाईट असतं असं नाही. होस्टेलच्या रूममध्ये, इयरफोन लावून, कुणाला न सांगता सुरुवात करता येते, हा मोठाच फायदा आहे. पण ज्या स्क्रीनमुळे रात्रीचे दोन वाजतात, तीच स्क्रीन ‘आजचं ध्यान राहिलं’ म्हणून टोचणी लावते. स्ट्रीक तुटली म्हणून टेन्शन आलं, तर ध्यानाचा हेतूच संपला.

रोनाल्ड पर्सर या अमेरिकी प्राध्यापकांनी २०१९ च्या ‘मॅकमाइंडफुलनेस’ या पुस्तकात याहून टोकदार मुद्दा मांडलाय. ताणाची कारणं बाहेर असताना माणसाला फक्त आत बघायला सांगितलं, की बाहेरचं कुणी बदलत नाही. कंपन्यांबद्दलचा हा मुद्दा कॉलेजांनाही लागू पडतो.

आपल्या ताणाची यादीच करून बघा. रिझल्ट लांबतो आणि पुढची ॲडमिशन अडकते. रीचेकिंगचे पैसे भरायचे आणि वाट बघायची. स्कॉलरशिप खात्यात यायच्या आत फीची मुदत संपते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ‘एमपीएससी’ करणारा मुलगा तीन वर्षं एका जाहिरातीकडे डोळे लावून बसतो आणि घरून दर आठवड्याला फोन येतो, ‘काय झालं रे?’ यातल्या कुठल्याच गोष्टीवर अनुलोम-विलोम हे उत्तर नाही. ध्यानाने ही वाट बघणं थोडं सुसह्य होईल, पण रिझल्ट वेळेत लावणं हे विद्यापीठाचंच काम राहील.

स्वस्त आहे म्हणून?

कॉलेजांना ध्यानाचा कार्यक्रम का आवडतो, याचं साधं उत्तर खर्चात आहे. एका पाहुण्याला बोलावलं की दिवस साजरा होतो. काउन्सेलर नेमायचा तर पगार लागतो, दार बंद करून बोलता येईल अशी खोली लागते, गुप्तता पाळण्याची शिस्त लागते. म्हणून बऱ्याच ठिकाणी मानसशास्त्राच्याच मॅडमना ‘काउन्सेलिंग सेल’चा अतिरिक्त कारभार मिळतो. ज्या मॅडम सकाळी इंटर्नलचे मार्क देणार, त्यांच्याकडे दुपारी मन मोकळं कोण करेल? त्या कितीही चांगल्या असल्या, तरी ही अडचण उरतेच.

देशाचं चित्रही फार वेगळं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. अशा देशात ध्यानासारखा फुकट, घरच्या घरी करता येणारा सराव नक्कीच मोलाचा आहे. पण जो मुलगा आठ-आठ दिवस जेवत नाही, लेक्चरला येत नाही, मित्रांचे फोन घेत नाही, त्याला ‘अरे, मेडिटेशन कर ना’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला मॉर्निंग वॉकचे फायदे सांगणं. त्यातून त्याला एकच निरोप जातो, की तू बरा नाहीस कारण तू पुरेसे प्रयत्न करत नाहीस.

मग आपण काय करायचं?

ध्यान करून बघायचं असेल, तर लहान सुरुवात करा. दिवसातली एक ठरावीक वेळ, दहा मिनिटं. मांडी घालणं जमत नसेल तर खुर्चीत बसा, पाठ सरळ असली की पुरे. श्वास जसा आहे तसा बघायचा. मन कॅन्टीनमध्ये गेलं की परत आणायचं, पुन्हा गेलं की पुन्हा आणायचं. ‘मन रिकामं झालं का?’ हे तपासत बसू नका, ते होत नसतं. डोळे मिटल्यावर घाबरायला होत असेल, तर उघड्या डोळ्यांनी संथ चाला आणि पावलांकडे लक्ष द्या. लोकलमध्ये उभ्या उभ्या, खांब धरून दहा श्वास मोजले तरी चालतात. आठ आठवडे करून बघा आणि मग ठरवा. नाही जमलं, तर पळणं, पोहणं, गाणं, झोप हेही पर्याय आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

आणि काही गोष्टी ध्यानावर ढकलू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटतंय, झोप आणि भूक बिघडलीये, पॅनिक अटॅक येतायत, किंवा जगणंच नको असे विचार येतायत, तर थेट माणसाशी बोला. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. मित्रासाठी फोन करायचा असेल तरी करा.

राहिला प्रश्न कॉलेजचा. ध्यान दिवसाच्या कार्यक्रमाला जरूर जा, मनापासून बसा. शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारतात, तेव्हा हात वर करा. आपल्या कॉलेजमध्ये प्रशिक्षित काउन्सेलर आहे का? तो कुठल्या खोलीत, किती ते किती बसतो? तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही, याची खात्री कोण देतं? जुलैच्या निकालानंतर शिक्षकांचं प्रशिक्षण झालं का? हे प्रश्न एकट्याने विचारायला अवघड वाटत असेल, तर स्टुडंट कौन्सिलकडून लेखी द्या. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, त्यामुळे उत्तर देणं कॉलेजला भाग आहे.

त्या खोलीच्या दारावर नाव आणि वेळ लिहिलेली पाटी लागली, की तिचाही एक जिओ-टॅग फोटो काढू. तो ‘नॅक’च्या फाइलमध्ये नक्की शोभेल.